एकेचाळीस हो, एक नाही

या देशातली चोरी एका दिवसात बंद होऊ शकते, असं पुंडलिकराव ढोमणे यांनी चबुतऱ्यावर जाहीर केलं. पाच माणसं फासावर लटकवा, टीव्हीवर दाखवा, सहावा माणूस रस्त्यात पडलेली सुपारीसुद्धा उचलणार नाही. एवढं बोलून त्यांनी गावाकडे पाहिलं आणि मग चहाच्या ग्लासात पाहिलं, कारण बिस्किटाचा अर्धा भाग तुटून तळाला गेला होता. त्यानंतर देशाचा प्रश्न बाजूला ठेवून ते दोन बोटांनी बिस्किट शोधत राहिले.

मत नवं नव्हतं. जबलपूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन ते पाटणच्या रस्त्यावरच्या कुंडईत शेतावर राहायला आले, त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ते हे मत रोज सकाळी आठला मांडत. गावातली शाळा उशिरा भरे, पुंडलिकरावांची फाशी वेळेवर होई. कुंडईत वर्धा-अमरावतीकडून दोन पिढ्यांपूर्वी आलेली आठ-दहा मराठी घरं होती, बाकी गाव हिंदी. फाशीबद्दल दोन्ही भाषांचं एकमत होतं.

बिस्किट हाती लागलं तेव्हाच मोहन समोर येऊन उभा राहिला. हा पुंडलिकरावांचा शेतगडी, मंडल्याकडचा. मटारच्या दिवसांत बायकोला, पुष्पाला, घेऊन शेतावरच्या खोलीत राहायचा. पायाला चिखल, अंगावर पुंडलिकरावांचाच जुना खाकी स्वेटर.

"बाबूजी, कुएँ पर तार नहीं है."

"कोणता तार?"

"मोटर का. पूरा ले गए. खंभे से मोटर तक."

खताच्या दुकानाचे दिवाकर राऊत यांनी हातातली तपकीर परत डबीत टाकली. कोणतीही गोष्ट ते आधी ऐकून घेत आणि मग जणू स्वतःच्या वहीत टिपून ठेवल्यासारखी परत म्हणत.

"तुला कधी कळलं?"

"अभी. पानी देने गया था. बाबूजी ने भेजा था."

"भेजा था," दिवाकरराव म्हणाले. "म्हणजे सगळ्यात आधी यालाच कळलं."

मोहन चिखलाच्या पायाने चबुतऱ्याखाली उभा राहिला, वर चढायची त्याची पद्धत नव्हती.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. पहिल्या पेऱ्याचा मटार तोडणीला आला होता आणि दीड एकराचा उशिरा पेरलेला तुकडा फुलावर होता. उत्तरेचा वारा सुटला होता. सकाळी बांधावरचं गवत पांढरं दिसे आणि हात लावला की बोटं ओली व्हायची नाहीत, दुखायची. आणखी चार-पाच दिवसांत पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडणार, हे सांगायला कोणी जाणता लागत नव्हता. जमीन ओली असली तर फूल तगतं, कोरडी असली तर एका पहाटेत काळं पडतं. वीज होती, विहिरीत पाणी होतं, मोटर होती. मधली चाळीस मीटर वायर तेवढी नव्हती.

"शहरातून नवी घेऊन या," नर्मदाबाई म्हणाल्या. त्या पुंडलिकरावांच्या पत्नी, आणि शेत खऱ्या अर्थाने त्या करीत.

"आणि परवा तीही गेली तं? आधी चोर सापडला पाहिजे."

"चोर सापडेपर्यंत फूल थांबून राहीन का?"

"तू तत्त्व समजून नाही राहिली, नर्मदा."

नर्मदाबाईंनी तत्त्व समजून घेतलं नाही. त्यांनी तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे काढले, दोर बांधला आणि विहिरीवर गेल्या. मोहन पाणी शेंदायचा, पुष्पा आणि त्या वाहायच्या. वाफ्यात ओतलेलं पाणी जमीन आवाज करून पिऊन टाकायची आणि पुन्हा कोरडी दिसायची. नर्मदाबाईंचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे त्या बांध ओलांडताना पाय हाताने उचलून पलीकडे ठेवायच्या, जशी काही दुसऱ्या कोणाची वस्तू आहे. दुपारपर्यंत पाच सऱ्या भिजल्या. सऱ्या एकशे चाळीस होत्या. मग तिघंही तोडणीच्या बायांच्या ओळीत बसले, कारण पोती संध्याकाळच्या गाडीला गेली पाहिजेत. मटार तोडताना शेंगेचं देठ अंगठ्याच्या नखाने खुडावं लागतं. चार दिवसांत नख हिरवं होतं, आठ दिवसांत अंगठ्याचं पेरं, आणि मग हंगाम संपेपर्यंत साबणाला दाद देत नाही.

पुंडलिकराव बांधावर खुर्ची टाकून बसले. पहारा ठेवायला. चोरी झालेल्या ठिकाणी पहारा ठेवण्यात काय अर्थ, असं पुष्पा मोहनला म्हणाली. मोहनने तिला गप्प बसवलं.

त्याच दिवशी दुपारच्या बसने नात आली. समृद्धी जबलपुरात राईट टाऊनमध्ये आईवडिलांकडे राहायची, कॉलेजात समाजशास्त्र शिकायची. मराठी तिला सगळी कळायची, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदी तिला गाठायची. तिच्या पाठीवरच्या बॅगेत बेचाळीस कागद होते.

"आजोबा, मला ना रूरल सर्वे करायचा आहे. मॅडमनी टॉपिक दिला."

"कोणता?"

"मृत्युदंडाने गुन्हे कमी होतात, असं लोकांना वाटतं का."

पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. सकाळपासून ते पहिल्यांदाच कोणासाठी उठले होते.

"चल," ते म्हणाले. "मी भरवून देतो."

कागदावर एकच प्रश्न होता आणि खाली तीन चौकटी: हो, नाही, सांगता येत नाही. नाव लिहायचं नव्हतं. ही गोष्ट गावाला जरा खटकली. ज्यावर नाव नाही, सही नाही, तो कागद कोण वाचणार, असं पियूष म्हणाला. पियूषची चहाची टपरी चबुतऱ्याला लागूनच होती. समृद्धीने समजावलं की नाव नसलं की माणूस खरं बोलतो.

"नाव नसलं की?" दिवाकरराव म्हणाले. ही गोष्टही त्यांनी टिपून ठेवली.

दोन दिवसांत कागद भरले. पुंडलिकराव बरोबर हिंडत होते आणि समृद्धीने प्रश्न वाचला की समोरच्याने तोंड उघडायच्या आधी 'हो' या चौकटीवर बोट ठेवत होते. शेतावर तोडणाऱ्या बायांना त्यांनी एकदमच सांगितलं, "इसमें टिक लगाना है. यहाँ." बायांनी हिरव्या अंगठ्यांनी कागद धरले, टिक लावली आणि परत ओळीत बसल्या. मोहननेही लावली. शेवटी समृद्धीने घरातल्या दोघांचे कागद घेतले. पुंडलिकरावांनी आपली टिक इतक्या जोराने ओढली की कागद फाटला. नर्मदाबाई चुलीजवळ होत्या, त्यांनी कागद घेतला, तिथेच काहीतरी केलं आणि घडी घालून समृद्धीच्या गठ्ठ्यात सरकवला. तिकडे कोणी पाहिलं नाही, कारण नर्मदाबाईंचं मत काय असणार हे पुंडलिकरावांना लग्न झाल्यापासून माहीत होतं.

चूक समृद्धीने केली. तिने कागद चबुतऱ्यावर बसून मोजले.

"एकेचाळीस हो," ती म्हणाली. "एक नाही."

पियूषने पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

"एक काय?" दिवाकररावांनी विचारलं.

"एक जण नाही म्हणाला, काका. होतं तसं. सॅम्पलमध्ये पाहिजेच."

"कोण?"

"ते माहीत नसतं ना. अनॉनिमस आहे."

"कागद दाखव."

समृद्धीने कागद पाठीमागे लपवला आणि त्यामुळेच तो सगळ्यांना दिसला. कोपऱ्यावर हिरव्या अंगठ्याचा ठसा होता. ठसा कसला, डाग. पण सगळ्यांना तो ठसाच दिसला.

"तोडणीवाला आहे," दिवाकरराव म्हणाले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण गावात चोरी झालेली होती, चोर मिळालेला नव्हता, आणि आता एक असा माणूस मिळाला होता ज्याला फाशी नको होती. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्या आपोआप चिकटल्या. ज्याने काही केलं नाही त्याला फाशीची कसली भीती. एकेचाळीस माणसं भ्याली नाहीत, एकच भ्याला. पियूषचं म्हणणं पडलं की पोलिसांनीही तपास असाच करायला पाहिजे, घरोघरी असा कागद फिरवला की झालं. त्या घडीला कुंडईत ज्यांचे अंगठे स्वच्छ होते ते सगळे पंच झाले आणि ज्यांचे हिरवे होते ते सगळे संशयित.

हिरवे अंगठे चौदा होते. त्यातल्या तेरा बाया होत्या, आणि खांबावर चढून वायर कापणं हे बाईचं काम नाही, असं ठरलं. राहिला मोहन.

पुंडलिकराव घरी आले ते जेवले नाहीत. अकरा वर्षांत मोहनने त्यांच्या शेतातला एक खिळा नेला नव्हता, आणि आता त्यांना हेच खटकू लागलं. इतका सरळ माणूस असतो का? ते दारातून बघत राहिले. मोहन भराभर जेवला, तेव्हा त्यांना वाटलं याला कुठेतरी जायची घाई आहे. मग तो हळूहळू हात धूत बसला, तेव्हा वाटलं वेळ काढून राहिला. त्याने पुष्पाला काहीतरी सांगितलं आणि ती हसली.

"कशाला हसून राहिली ती?" त्यांनी नर्मदाबाईंना विचारलं.

"नवऱ्याशी बोलून राहिली, म्हणून."

"आपण कधी हसतो असे?"

"मी हसते. तुम्ही चबुतऱ्यावर असता तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहनला चबुतऱ्यावर बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला वर चढवलं आणि मधोमध बसवलं. दिवाकररावांनी त्याचं आधार कार्ड मागून घेतलं आणि आपल्या वरच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं. दुपारपर्यंत कबूल केलं तर ठीक, नाहीतर ठाण्यात द्यायचं. एकदा ठाण्यात नाव गेलं की या पट्ट्यात कोणी त्याला तोडणीला उभं करणार नव्हतं, हे मोहनलाही कळत होतं आणि बाकीच्यांनाही.

"'नाही' काहून लिहिलं?" दिवाकरराव म्हणाले.

"मैंने तो वहीं लगाया जहाँ बाबूजी ने उँगली रखी."

"बाबूजीने उँगली रखी," दिवाकरराव म्हणाले आणि पुंडलिकरावांकडे पाहू लागले.

पुंडलिकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काल संध्याकाळपासून लोक त्यांच्याकडे असंच पाहत होते. फाशीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या शेतातून 'नाही' निघालं होतं. "माझी उँगली 'हो'वर होती," ते म्हणाले. "समृद्धी साक्षी आहे."

"काका, प्लीज, त्याला जाऊ द्या," समृद्धी म्हणाली. "मॅडम मला फेल करतील. याच्यासाठी नव्हता सर्वे."

"बेटा, तुझ्याच सर्वेनं धरला त्याला. फर्स्ट क्लास काम केलं तू."

समृद्धी रडायला लागली. ती उठून शेताकडे गेली आणि नर्मदाबाईंना जे सांगायचं ते अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगितलं.

नर्मदाबाईंना चबुतऱ्यापर्यंत यायला वेळ लागला. डोक्यावर अर्धं पोतं होतं. एवढ्यासाठी पोतं खाली ठेवून ते पुन्हा कोण उचलणार. त्या टपरीपाशी थांबल्या, गुडघा सरळ करून उभ्या राहिल्या.

"त्याचं कार्ड त्याले द्या. तो कागद माहा आहे."

पियूष म्हणाला, "काकी, आप?"

"हा अंगठा पाहा. याला दुसरा रंग आहे का?"

पुंडलिकरावांनी बायकोच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो हिरवा आहे हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "नर्मदा," ते म्हणाले, "काहून?"

"तुम्ही रोज फाशी-फाशी करता म्हणून. इथं बसून अकरा वर्षं झाले. गावातली एक तरी चोरी उघड झाली का? मागल्या साली दिवाकरभाऊंचा स्टार्टर गेला, कोणी सांगितलं का कोणी नेला? चोर कोणाले भेते, तो तं म्हणते मी सापडतच नाही. भेते तो पाहणारा. आता मी कोणाले वायर नेताना पाहिलं असंन, अन् इथं सगळे दोर घेऊन बसले, तं मी नाव घेईन का? चाळीस मीटर वायरीसाठी कोणाच्या लेकराचा बाप टांगू का मी?"

दिवाकरराव जरा पुढे सरकले. आवाज त्यांनी खाली आणला होता.

"म्हणजे वहिनी, तुम्ही पाहिलं?"

नर्मदाबाईंनी चबुतऱ्यावरच्या एकेका माणसाकडे पाहिलं. घाईने नाही. तोडणीला बसताना ओळीकडे पाहतात तसं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"उद्या उजाडल्यावर मी विहिरीवर जाईन," त्या म्हणाल्या. "तेव्हा वायर तिथं असली पाहिजे. कोणी ठेवली, मी विचारणार नाही. कोणाले सांगणार नाही. फाशी नाही, ठाणं नाही, काही नाही. पण नसली तं मंग मी इथं येऊन बसीन अन् बोलीन."

त्या गेल्या. मोहन उठला, त्याने दिवाकररावांच्या खिशाकडे बोट दाखवलं, आणि दिवाकररावांना स्वतःच्याच खिशाचं बटण उघडायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

त्या दिवशी चबुतरा लवकर मोडला. माणसं एकमेकांकडे न पाहता घरी गेली. नर्मदाकाकीने आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं, असं प्रत्येकालाच वाटत होतं. पियूषने संध्याकाळी टपरीच उघडली नाही. ज्या बायकांचे नवरे एरवी अंधार पडल्यावर घरी यायचे, ते दिवसाढवळ्या घरी येऊन माळ्यावर काहीतरी शोधू लागले.

जेवताना पुंडलिकरावांनी विचारलं, "कोण हाये तो?"

"भात घेता का?"

"मला सांगायला काय हरकत आहे?"

"तुम्ही काल मोहनवर गेले. परवा माह्यावर येसान. भात घ्या."

पुंडलिकरावांनी भात घेतला. थोड्या वेळाने त्यांच्या मनात आलं की आज चबुतऱ्यावर हिने आपल्याकडेसुद्धा जरा थांबूनच पाहिलं होतं.

सकाळी धुकं होतं. नर्मदाबाई, मोहन, पुष्पा आणि समृद्धी विहिरीवर गेले. मागून पुंडलिकराव मफलर गुंडाळत आले, आणि धुक्यात, अंतर ठेवून, बरंच गाव आलं.

विहिरीच्या थाळ्याच्या, मोटरचं पाणी पडतं त्या, दगडावर वायर होती. मध्ये काळ्या टेपचा जोड होता. तो मोहननेच गेल्या साली मारलेला, त्याने लगेच ओळखला. तिच्या शेजारी आणखी एक वायर होती, ती यांची नव्हती. एक मोटरचा स्टार्टर होता. दोन फावडी, औषध फवारायचा एक पंप, शाळेची गेल्या दिवाळीपासून नसलेली घंटा, स्वयंपाकाचे पितळेचे तीन गंज, एक नवी-कोरी सायकलची सीट, आणि ताडपत्री, तिच्यावर पंचायतीचं नाव. सगळ्यात कडेला, फडक्यात गुंडाळलेला एक मोठा पाना होता. समृद्धीने फडकं सोडलं. पान्यावर कारखान्याचा नंबर ठोकलेला होता.

कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस कुंडईत एकच होता.

नर्मदाबाईंनी पाना पुन्हा फडक्यात बांधला आणि बाजूला ठेवला. "मोहन," त्या म्हणाल्या, "आधी वायर जोड. बाराला लाइन येईन."

गाव जवळ आलं. कोणी आपली वस्तू ओळखली, कोणी दुसऱ्याची. दिवाकरराव स्टार्टरपाशी वाकले आणि म्हणाले, हा माझा. त्यांना कोणी अडवलं नाही. फवारणीचा पंप कोणाचा, असं विचारल्यावर पियूषने तो आपला असल्याचं सांगितलं आणि मग दुसरी वायर कोणाची, असं विचारल्यावर सगळ्यात आधी दिवाकररावच आपल्या दुकानाकडे निघाले, कारण गिऱ्हाईक आलं असेल. अर्ध्या तासात गावाचं एकमत झालं की हे सगळं कोणी बाहेरगावचं टोळकं आणून टाकून गेलं असावं, आणि अशा लोकांना फाशीच द्यायला पाहिजे.

"आजी," समृद्धी हळूच म्हणाली, "तू खरंच पाहिलं होतं का? कोणाला?"

"तू त्या डब्याचा दोर सोड आधी."

"रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"कागदावर जे हाये ते लिही. एकेचाळीस अन् एक."

बारा वाजता वीज आली. मोटरने दोन ढेकर दिले आणि पाणी धरलं. मोहन पाटात उभा राहून वाफ्यांची तोंडं मोडत गेला. घोट्यापर्यंत थंड पाण्यात, त्याच्या पोटऱ्या लाल झाल्या होत्या. पुष्पा पलीकडच्या तुकड्यात तोडणीला बसली, अजून ती ढोमण्यांच्या घरच्या कोणाशी बोलत नव्हती. संध्याकाळी वारा पडला. आभाळ काचेसारखं झालं, म्हणजे आज पाला पडणार होता. पण दीड एकर जमीन भिजून काळी झाली होती.

पुंडलिकराव दिवसभर चबुतऱ्याकडे गेले नव्हते. गाडी यायच्या वेळेला ते बांधावर आले. खुर्ची नव्हती, म्हणून भरलेल्या पोत्यांपैकी एकावर बसले. मोहन पोती शिवत होता, सुतळी दातात धरून. पुंडलिकरावांनी घसा साफ केला. काय बोलायचं ते त्यांनी सकाळपासून जुळवलं होतं. त्यात न्याय होता, माणसाची पारख होती, बत्तीस वर्षांची नोकरी होती आणि शेवटी कुठेतरी, लहानशी, माफी होती.

"मोहन," ते म्हणाले, "या देशात, समजून घे, माणूस चुकतो तेव्हा..."

मोहनने सुतळी दातातून काढली.

"बाबूजी, थोड़ा उठ जाइए. मटर दब रही है."